टाकी भरल्याचा निरोप

१० फेब्रुवारी २००३
आजपासून रोज लिहिणार. वडीगोद्रीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीची दुकानं तीन. मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्राम भरायची चिप, शिकून राह्यलेला माणूस एकच, मी. दर रविवारी जालन्याला क्लास, अप्पाराव सरांचा. पोरं माझ्या निम्म्या वयाची, पण अनुभव आपल्याकडं.

बायकोला, उषाला, शब्द दिला. लाइट येते कधीही. मंग तिनं मागच्या विहिरीवर जाऊन मोटर चालू करायची, टाकी भरली की पुन्हा जाऊन बंद. गुडघा दुखतो तिचा. पाडव्यापासून तिनं विहिरीवर जायचं न्हाई, चिप करील सगळं. ती म्हणाली, तुम्ही गेले तरी चालतंय. तिला टेक्नॉलॉजी कळत न्हाई.

२ मार्च
आज पॉइंटर. चिपच्या मेमरीत खाने असतात, प्रत्येक खान्याला नंबर, म्हणजे पत्ता. पॉइंटरला पत्ता दिला की तो त्या खान्यात माल नेऊन टाकतो. वापरायच्या आधी पत्ता द्या, असं सरांनी दोनदा सांगितलं. उगंच. आमच्या गावात घरनंबर कुणाला माहीत हाय? पाकिटावर ‘मच्छिंद्र, वडीगोद्री’ एवढंच असलं तरी रामकिसन पोस्टमन बराबर हातात आणून देतो. चिप तर फॉरेनची. तिला तेवढी अक्कल असणारच.

९ मार्च
प्रोग्राम तयार. ‘टाकी’ नावाचा एक खाना. पाणी टाकीच्या तोंडाशी सोडलेल्या तारेला लागलं की पॉइंटर तिथं एकचा आकडा टाकणार, एक दिसला की मोटर बंद. पत्त्याची ओळ गाळली. तेवढीच मेमरी वाचली. क्लासातच चिपमधी भरून घेतला.

११ मार्च
दुकानात मोटरच्या जागी बल्ब लावून टेस्टिंग. लागला. विझला न्हाई. हातानं विझवला. म्हणजे निम्मं काम एकदम चोख. बाकीचं खऱ्या मोटरवर होईल.

१८ मार्च, सकाळ
टाकीपासून विहिरीपर्यंत वायर ओढली. सव्वाअकराला लाइट आली, मोटर आपोआप चालू! उषाला म्हटलं, बस आता निवांत. तिनं चहासोबत न मागता बिस्किटं दिली.

दुपारी दीड
टाकी भरून वाहून राह्यली. खाली शेजारच्या सगुणाबाईनं बाजेवर कुरडया वाळत घातल्या होत्या. तीन दिवसांची मेहनत, पुन्हा चीक झाला. मी चिपकडं बघत उभा. शेवटी उषाच लंगडत पळाली मोटर बंद करायला.

१९ मार्च
चिप खराब निघाली. सरांना पत्र टाकलं, सोबत प्रोग्राम. तोंडावर बोललो असतो तर पोरांसमोर त्यांची इज्जत गेली असती.

उषाचा गुडघा भाकरीसारखा टम्म फुगला. उठता येईना. माझ्याशी बोलत न्हाई. सगुणाबाई मात्र सकाळपासून बोलून राह्यली. लई वाईट वाटतं, पण मी तरी काय करू?

२ एप्रिल, पाडवा
उषानं बसूनच गुढीला हळदकुंकू वाहिलं. दिलेला शब्द मी पाळला. ती आता विहिरीवर जात न्हाई. मी जातो. लाइटचा भरवसा न्हाई म्हणून सकाळपासून इथंच असतो. दुकान सध्या बंद. विचार करायला जागा चांगली हाय.

४ एप्रिल, विहिरीवर
रामकिसन सायकल घेऊन सरळ बांधावर आला. सरांचं पत्र. आत एवढंच: ‘चिप चांगली आहे. पॉइंटरला पत्ताच दिलेला नाही. निरोप पोचणार कुठे?’

पाकिटावर माझं नाव आन् गाव, बस. हे बघा म्हणावं सरांना, पोचलं की न्हाई! रामकिसनला विचारलं, मी विहिरीवर असतो हे तुला कसं कळलं?

तो म्हणाला, “घरी गेल्तो. वहिनी म्हणाल्या, ‘त्यांना विहिरीवर बसवलंय. टाकी भरली की मी इथून हाक मारते.’”

चार वाजता लाइट आली. मोटर चालू केली. पावणेपाचला घराकडून हाक आली. मोटर बंद केली. बाहेर एक थेंब सांडला न्हाई.