मयुराच्या धूनमधलं टक्

४ नोव्हेंबर
आज कपाटावरून गिटार खाली काढली! लेकीची, मयुराची. ती पुण्याला नोकरीला गेली तेव्हापासून धूळ खात होती. सीताबर्डीहून नव्या तारा आणल्या. दुकानदार म्हणाला, "नातवासाठी का काकाजी?" मी हो म्हटलं. एसटीचा रिटायर कंडक्टर स्वतः शिकणार, हे सांगायची लाज वाटली.

फेब्रुवारीत मयुराचं लग्न. तिनं दहावीत असताना एक धून स्वतः बसवली होती. बायकोनं, कुसुमनं, ती तेव्हा गुपचूप मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवली. हळदीच्या दिवशी तीच वाजवून पोरीला चकित करायचं! ती वाजवायची तेव्हा मी ओरडायचो – दिवसभर घंटी ऐकून येतो, घरी आणखी हे नको. तिच्याशी मला कधी धड बोलता आलंच नाही. जेवलीस का, पोचलीस का – संपलं. ती सासरी जायच्या आधी एकदा तरी नीट बोलावं असं फार वाटतं.

९ नोव्हेंबर
डाव्या हाताची बोटं सोलली. गल्लीतल्या प्रीती मॅडम शिकवतात. म्हणाल्या, "होते काका, घट्टे पडू द्या."

२१ नोव्हेंबर
अंगठा ऐकत नाही.

३ डिसेंबर
जमलं!! अंगठ्यानं वरच्या जाड तारा छेडत राहायच्या, बाकीच्या बोटांनी खालच्या. महिनाभर डोकं फिरलं होतं. आज अचानक सुचलं – अंगठा म्हणजे घंटीची दोरी, बोटं म्हणजे तिकिटं फाडणं. चालत्या गाडीत ही दोन्ही कामं आयुष्यभर केलीच की मी! स्वयंपाकघरातून कुसुम – "पोचली का जी गाडी नरखेडले?"
म्हटलं, अर्ध्या वाटेत आहे, काटोलपर्यंत आली.

१८ डिसेंबर
धून मधेच थांबते. एक टक् येतं – तिनं गिटारच्या पोटावर बोट मारलं असणार. मग क्षणभर काही नाही. मग तीच ओळ पुन्हा, पण अगदी हळू. मॅडम म्हणतात, "ते टक् सोडून द्या ना काका, अजीब वाटून राहिलं." सोडणार नाही! माझ्या पोरीची कल्पना आहे.

११ जानेवारी
टक् दोनशे वेळा घोटलं. कुसुमनं कानात कापूस घातला.

१५ फेब्रुवारी
हळद झाली. वाजवलं! बोटं हळदीनं पिवळी, एकदा तार चुकली. टक् मात्र अस्सल बसलं. व्याही महादेवराव उभे राहून टाळ्या वाजवत होते. मयुरा टक् ऐकून आधी हसली, मग रडायलाच लागली. मी आज फार फार खूश आहे.

१७ फेब्रुवारी
काल निघताना मयुरा गळ्यात पडली. म्हणाली, "बाबा, ते टक् माझं नोहे. आपल्या फाटकाची कडी हाय ते. तुम्ही ड्यूटीवरून आले का मी थांबत होती. मग हळू वाजवत होती, तुमाले त्रास नको म्हणून."

सकाळी कडी उपटून काढली. परवा ती मांडवपरतणीला माहेरी येते. गिटार तिच्या हातात देणार आणि म्हणणार – मोठ्यानं वाजव वं, मी घरीच आहे.