ज्यांनी ‘डोळ्यांनी पाहिलं’ त्यांची वाटणी

मी, अनुसया किसन बोरसे, वय वर्षे बाहत्तर, पूर्वी बालवाडीत शिक्षिका, मूळ गाव शिंदखेडा तालुक्यातले, हल्ली राहणार पर्वत पाटिया, सुरत, आज माझ्या राजीखुशीने आणि माझ्याच हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझ्यावर कोणाची बळजबरी नाही. कोणी गोड बोलून लिहून घेतलेले नाही. माझ्याशी गोड बोलणारे फारसे कोणी उरलेले नाही. मी शुद्धीत आहे आणि रागात आहे. रागात लिहिलेले मृत्युपत्र चालते का, असे मी वकीलसाहेबांना विचारले. ते म्हणाले, शुद्धीत असलात की चालते.

१. माझे यजमान किसन बोरसे वारले त्याला बराच काळ झाला. आयुष्यभर लूम चालवून त्यांना कमी ऐकू येई, पण जे ऐकले नाही ते ऐकले असे ते कधी म्हणाले नाहीत. आम्हाला दोन मुलगे. थोरला धुडकू, त्याला स्नेहा नावाची एक मुलगी. धाकटा मारुती. तो चलथाणला साखर कारखान्यात हंगामी काम करतो आणि एकटा राहतो. तो एकटा का राहतो हे सांगितल्याशिवाय पुढची वाटणी कोणाला कळायची नाही, म्हणून आधी ते सांगते.

२. आठ वर्षांपूर्वीच्या श्रावणात, कानबाई देवीच्या विसर्जनाच्या सोमवारी, तापीच्या ओवाऱ्यावर, म्हणजे घाटावर, आमच्या गल्लीचा आणि शेजारच्या गल्लीचा चौरंग एकाच वेळी पोचला. आधी कोणाची कानबाई पाण्यात उतरणार यावरून धक्काबुक्की झाली. आमच्या ढोलवाल्याने शेजारच्या गल्लीतल्या भगवानला ढकलले. तो पायरीवर डोक्यावर आपटला आणि दवाखान्यात पोचण्याआधीच गेला. भगवान गेला हे खरे. त्याच्या बायकोचे दुःख खरे. ढकलणारा ढोलवालाच होता, हेही खरे. खोटे एवढेच, की तो माझा मारुती होता.

त्याआधी कितीतरी वर्षे आमच्या मिरवणुकीतला ढोल मारुतीच्याच गळ्यात असे. त्या वर्षी मात्र लूमच्या मालकाने दोघा भावांना एकदम सुट्टी द्यायचे नाकारले. धुडकू थोरला, म्हणून मारुती म्हणाला, दादा, तू जा. बरोबर काम करणाऱ्या एका परप्रांतीय कारागिराला त्याने ढोल वाजवायला पाठवले आणि स्वतः भेस्तानला लूमवर गेला. तो कारागीर त्याच दिवशी सुरत सोडून पळाला, तो आजतागायत सापडलेला नाही.

चौकीत जमादाराने पहिलाच प्रश्न केला, “दर वरसे ढोल कोण वगाडे?” सगळे एका सुरात म्हणाले, मारुती. त्या दिवशी कोण होता हे त्याने विचारले नाही आणि यांनी सांगितले नाही. एवढ्या वर्षांची सवय. ढोल दिसला म्हणजे मारुती दिसला. तोंड कोणी पाहिले होते? गुलालात तोंडे सारखीच दिसतात.

बालवाडीत मी रोज पाहत होते. पाणी सांडले की “कोणी सांडलं?” असे विचारावे, पोरे एकमेकांकडे बघतात. “बाळूनेच ना?” असे विचारले की सगळ्यांच्या माना हलतात, आणि घरी जाईपर्यंत बाळू बाटली कशी घेऊन आला ते हावभावासकट सांगतात. पण ती चार वर्षांची पोरे होती. यांना मिशा होत्या.

विसर्जनाच्या संध्याकाळी धुडकू माझ्यासमोर बसून म्हणाला होता, “माय, मी मांगे व्हतू, गर्दीमां काहीच समजनं नही.” हे मी ऐकले आहे. मग चौकी झाली. मग दगाच्या ओट्यावर बैठका सुरू झाल्या. दगा म्हणजे मिरवणुकीचा पुढारी. तिथे चहा पीत पीत एकाने हात सांगावा, दुसऱ्याने शर्ट, तिसऱ्याने शिवी, आणि उठताना प्रत्येकाने सगळे घरी न्यावे. पंधरवड्याने धुडकू म्हणाला, “मी मन्हा डोयाघाई मारुतीले देखं.” मी म्हटले, अरे, तुला सुट्टी मिळावी म्हणूनच तो कामावर गेला ना? तर म्हणाला, मधूनच आला असेल. कोर्टात उभा राहिला तोवर मारुती मधूनच आला होता, धुडकूशी बोललाही होता.

ते खोटे बोलत असते तर मी एव्हाना माफ केले असते. खोटे बोलणाऱ्याला निदान खरे काय ते ठाऊक असते. धुडकू, दगा आणि शेजारीण उषाबाई, हे तिघेही साक्षीदार कानबाईची शपथ घेऊन, डोळ्यांत पाणी आणून बोलले. सख्खा भाऊ रडत रडत भावाला आत घालतो, यावर जज्जसाहेबांनी तरी काय म्हणावे? शेवटी शर्टाच्या रंगावरून तिघांचे जुळेना, म्हणून मारुती संशयाचा फायदा मिळून सुटला. तोवर त्याची उमेदीची वर्षे लाजपोर जेलात गेली होती, लग्न मोडले होते, आणि गल्लीत सगळे म्हणत होते, सुटला काय, केलेले थोडेच पुसते.

३. पर्वत पाटियाचे माझे दोन खोल्यांचे घर, वरच्या पत्र्यासकट, माझ्या आणि यजमानांच्या कष्टाचे आहे. ते मी मारुतीला देते. धुडकूचे भेस्तानला स्वतःचे घर आहे, तेव्हा त्याच्यावर अन्याय होतो असे कोणी म्हणू नये. म्हटले तरी माझी हरकत नाही. अन्याय कसा लागतो ते त्यालाही कळू दे.

४. बँकेत जे असेल ते, कानातले, आणि ज्या शिलाई मशीनवर मी साड्यांना लेस लावली ते मशीन, हे सर्व नात स्नेहा हिला द्यावे. ती तेव्हा शाळकरी होती आणि मिरवणुकीत होती. तिलाही विचारले, काकाच होते ना? ती म्हणाली, “मी नाचत होते, मला नाही दिसलं.” बापाने डोळे वटारले. दगाकाका चॉकलेट घेऊन आला. पोरगी एकच धरून बसली, मला नाही दिसलं. सबंध बोरसे भावबंदांत एवढे एक वाक्य नीट बोलणारी ती एकटी निघाली. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

लूमच्या मालकाकडे मी गेले होते. तो म्हणाला, “मासी, सोमवारे कोण हतुं ते मने याद नथी.” त्याने मारुतीला वाचवले नाही, पण आठवत नाही ते आठवते असेही म्हटले नाही. त्याच्यावर माझा राग नाही.

५. आमच्या घराण्याची कानबाई, म्हणजे तिचा पूजेचा नारळ, नथ आणि चौरंग, रीतीप्रमाणे माझ्यानंतर थोरल्याकडे जायला हवे. ते जाणार नाही. ते मारुतीकडे जाईल.

याचा अर्थ काय होतो तो भावबंदांनी समजून घ्यावा. कानबाईचे रोट आपल्याच भावबंदांनी खायचे असतात, आणि ते कानबाई ज्या घरी बसते तिथेच. प्रत्येकाच्या नावाची मूठ मोजून गहू दळायचे असतात. मारुती आत होता तेव्हा धुडकूने त्याच्या नावाची मूठ टाकायला हात आखडला. ती मी टाकली. आता मुठी मारुती मोजील. धुडकूची मूठ त्याने विसरू नये, अशी माझी त्याला आज्ञा आहे. पण धुडकूला ते रोट खायला धाकट्या भावाच्या उंबऱ्यावर चपला काढून आत यावे लागेल. तेवढे डोळ्यांनी पाहायला मी हवी होते.

६. ढोल. तो कोर्टातून परत आल्यापासून माळ्यावर आहे. तो दगाला द्यावा, आणि इथून पुढे दरवर्षी दगानेच तो गळ्यात घालून चौरंगापुढे चालावे. चार-पाच वर्षांत लोकांना ढोल म्हटले की दगा आठवू लागेल. मग एखाद्या वर्षी तो घरी ताप येऊन पडलेला असताना ओवाऱ्यावर काही होवो. माझा हा शाप नाही, देणगी आहे.

७. शेजारीण उषाबाई यांना माझ्या दिवसकार्याला बोलवावे, पंक्तीत पहिल्या पाटावर बसवावे आणि जेवताना विचारावे, “उषाबाई, ओवाऱ्यावर तुम्ही पायरीवर होतात की रिक्षात?” त्या रिक्षात होत्या. त्यांचे गुडघे दुखत होते. त्यांनीच घरी आल्यावर मला सांगितले आणि माझ्याकडून तेल मागून नेले. कोर्टात त्या दुसऱ्या पायरीवर उभ्या होत्या. तेलाची वाटी त्यांनी ठेवून घ्यावी.

८. थोरला मुलगा धुडकू यास त्याच्या बापाचे घड्याळ द्यावे. मला अग्नी मारुतीने द्यावा. धुडकूने खांदा द्यायला माझी ना नाही. तो माझाच मुलगा आहे, आणि त्याला मी नऊ महिने पोटात वाहिले ते काही मला विसरता येत नाही. पण हे इथे शाईने लिहून ठेवते, की अग्नी मारुतीने दिला. नाहीतर दोन वर्षांनी धुडकूला आठवेल की तो त्यानेच दिला होता, आणि तो रडत रडत सांगेल, आणि सगळ्यांना पटेल.

९. आता ज्यासाठी हा कागद लिहायला बसले ते. वकीलसाहेबांच्या नमुन्यात “माझी स्मरणशक्ती शाबूत आहे” असे एक वाक्य होते. मी ते वर घातलेले नाही. शपथेवर खोटे बोलायचे काम मी दुसऱ्यांवर सोडले आहे.

गेल्या दिवाळीत मारुती आला. मी शेव-चिवड्याची ताटली पुढे ठेवली. खाता खाता मान खाली घालूनच म्हणाला, “माय, मी खरंच कामवर गयथू ना?”

मी म्हटले, “असं काब्र इचारस?”

“सगळा तेच सांगतस. कधी कधी माले बी दिखस. ढोल, पायऱ्या, भगवानना हात.”

मी हो म्हणाले. पण लगेच म्हणाले नाही. कारण तो बोलत असताना मलाही दिसले: मोरीत वाकून केसांतला गुलाल धुणारा मारुती. मी त्या दिवशी असे काही पाहिलेले नाही. तरी दिसले, पाण्याचा रंगसुद्धा दिसला. मी थांबले आणि मारुतीने मला थांबताना पाहिले. ताटली तशीच ठेवून तो शेवटच्या बसने गेला.

तेव्हापासून मला झोप नाही. धुडकू, दगा, उषाबाई, तुम्ही माझ्या मुलाची वर्षे खाल्लीत, बायको घालवलीत, नाव घालवलेत. ते मी एक वेळ सोसले. पण त्याला कामावर जाताना पाहणारी या जगात मी एकटी, कोर्टाने ज्याला “आई तर म्हणणारच” म्हणून बाजूला सारले ते माझे पाहणेही तुम्ही बडबडून बडबडून नासवायला लागलात. आणि त्याचे स्वतःचेही. तळतळाट लागो तुमच्या त्या ओट्याला.

म्हणून पक्के आहे तोवर लिहून देते. त्या सोमवारी सकाळी मी त्याला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. तो दारात म्हणाला, “कानबाईले सांग, मालक सोडत नही.” संध्याकाळी आला तेव्हा त्याच्या केसांत लूमची तूस होती आणि अंगाला तेलाचा वास होता. गुलाल नव्हता. पुढे मी अंथरुणाला खिळले आणि भ्रमात याहून वेगळे काही बोलले, तर ते माझे बोलणे समजू नये. ते ओट्यावरचे बोलणे असेल.

मारुती, घर आणि कानबाई ही तुझी वाटणी आहेच. पण खरे द्यायचे ते हे आहे. तू ओवाऱ्यावर गेला नव्हतास. दिवाळीत मी अडखळले तो माझ्या म्हाताऱ्या डोक्याचा दोष, तुझा नाही. परत तुला ढोल दिसला, पायऱ्या दिसल्या, तर कोणाला विचारत बसू नकोस, माझ्या फोटोलाही नको. हे कलम काढ आणि मोठ्याने वाच. तुझी माय तुला सांगते आहे, तू कामावर होतास.

येणेप्रमाणे लिहिले ते माझे आहे. साक्षीदार मी मुद्दाम आमच्या गल्लीबाहेरचे घेतले आहेत. त्यांनी एकमेकांशी न बोलता, जे पाहिले तेवढेच लिहावे.

(सही) अनुसया किसन बोरसे
सुरत, १४ डिसेंबर २०२५

साक्षीदार पहिला: आजींनी माझ्यासमोर सही केली. वरचा मजकूर मी वाचलेला नाही.
(सही) लोकेश श्रीपत वानखेडे, औषध दुकानदार

साक्षीदार दुसरी: सही करताना पाहिले. त्या रडत होत्या का, ते मला सांगता येणार नाही. त्यांनी तोंड भिंतीकडे केले होते.
(सही) स्वप्ना भीमराव गजभिये, परिचारिका