कांदाभज्यांची उधारी

अहो,

आत्याबाईंसमोर बोलवत नाही आणि त्यांना वाचता येत नाही, म्हणून लिहिते.

सकाळी बाजारात भजीवाल्याने मला हटकलं. तुमच्या नावावर महिन्याभराची दीड रुपया उधारी म्हणे, आणि तीही कांदाभज्यांची! मी भांडलेच. तर म्हणाला, "तुमच्या सोवळ्या आत्याबाईच देवळातनं येताना मागल्या दारी घेत्यात."

अहो, त्यांनी या घरात कधी कांद्याची सालसुद्धा शिरू दिली नाही!

पैसे मी ओवाळणीतले दिले. तुम्ही अवाक्षर काढू नका. नवव्या वर्षी कुंकू पुसलं त्यांचं.

मी उत्रोलीला ताईकडे जाऊन दिवेलागणीला येते. चहा झाला की भजी आणा. मला दिवस आहेत, डोहाळे म्हणून खपतील. पुडा फडताळात ठेवा आणि फिरायला जा. परत येताना दारात खाकरा.

सौदामिनी