जॅकेटचं पोट

बाबा,
मी टाक्यांत हवा भरायला मालवणला चालले आहे.

मुलीने पाण्याखाली जाऊ नये म्हणणारे तुम्ही, आणि काल माझं डायव्हिंगचं जॅकेट गुपचूप धुतलंत? वर जाळ्याबरोबर उन्हात पसरलंत! माका राग नाय इलो, हसू इला.

पण आतून, त्याच्या हवेच्या पिशवीत, धुवायचं राहिलंय. मासळीचं पोट साफ करता ना, तसं. नळीतून गोडं पाणी आत सोडा, हलवा, उलटं करून ओता. ओतलेलं खारट लागलं तर पुन्हा.

मग तोंडाने अर्धं फुगवून सावलीत टांगा. (आधी विडी विझवा!)

उद्या माझी परीक्षा. किनाऱ्यावर याल?

नसेल जमत, तर जॅकेटमधली हवा सोडू नका. तुमची तेवढी फुंकर घेऊन उतरेन.

उर्वशी