सरांच्या नकली सीड्या

३ फेब्रुवारी, मंगळवार

नकली! आमच्या सरांच्या सीड्या नकली!

देवेशनं पुण्याहून फोनवर कंपनीचा मेसेज वाचून दाखवला. खोकं उघडलं, तपासलं. काहींवर चरे आहेत. अन् सगळ्याच 'बनावट प्रती', घेता येत नाहीत.

ही आयडिया पोराचीच. "आई, जुन्या सीड्या ऑनलाइन विकत घेतात. कपाटात खराब होण्यापेक्षा कोणाच्या तरी कानी पडतील." मलेही पटलं. घरी मशीन नाही, सर शाळेतच वाजवायचे.

माणूस जाऊन वर्ष नाही झालं अन् लोक त्याले चोर म्हणून राह्यले.

५ फेब्रुवारी

कंपनीले फोन लावला. हिंदी बोलणारी पोरगी होती. म्हटलं, बाई, माझ्या नवऱ्यानं जन्मात कोणाची पेन्सिल उचलली नाही. एकेक सीडी अकोल्याच्या दुकानातून आणली, मी सोबत होती! तर म्हणते, "प्रतिमा मॅडम, कव्हर भी झेरॉक्स है." म्हटलं, झेरॉक्स तुझ्या डोळ्यात! फोन कट.

६ फेब्रुवारी

शेजारच्या संजीवनीजवळ मन मोकळं केलं, तर म्हणते, "जाऊ द्या ना काकू, तवा सगळेच कॉप्या करत होते." जाऊ द्या! हिच्या दोन्ही पोरांले सरांनी फुकट शिकवलं! तिचं दार माझ्यासाठी बंद.

९ फेब्रुवारी

कंपनीले फोटो मागितले, त्याईनं पाठवले. उत्तर तेच — निर्णय अंतिम. आता वरून विचारतात, परत पाठवू की नष्ट करू?

देवेश म्हणे, "परत मागव आई. कुरिअरचं मी बघतो."

"चोरीचा शिक्का बसलेला माल माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. त्याईले सांग, मोडा!"

"नक्की?"

"हाव! मोडा म्हणजे मोडा."

मग ठेचा-भाकर खाल्ली. पोटभर. कितीक दिसांनी भूक लागली होती.

१३ फेब्रुवारी

मेसेज आला. नष्ट केल्या. बरं झालं, पीडा गेली.

१६ फेब्रुवारी, सोमवार

धामणगाव बढ्याहून रेवती आली. सरांची जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः गाणं शिकवते. ती आल्या-आल्या मी तिच्यापुढं कंपनीचा पाढा वाचला. नकली म्हणतात मेले! ती म्हणाली, "काकू, खरं आहे ते. माझ्या लग्नात सरांनी आहेरात अस्सल सीडी दिली. सगळ्या पोरापोरींच्या लग्नात अस्सलच द्यायचे. स्वतःसाठी शाळेच्या कॉम्प्युटरवर कॉपी काढून ठेवायचे."

हात्तिच्या! लोक आहेरात वापरलेली भांडी खपवतात अन् माझ्या माणसानं चांगलं ते वाटलं, कॉपी घरात ठेवली. मले एका शब्दानं बोलले नाहीत! हसू पण आलं अन् रडू पण. तसंच उठून संजीवनीचं दार वाजवलं, तिले सगळं ऐकवलं. आता बोल म्हटलं!

परत आली तर रेवती म्हणते, "काकू, सरांच्या त्या कॉप्या मले द्या ना. पोरांले ऐकवीन."

"अस्सल तुझ्याजवळ आहे, कॉपी काऊन पाहिजे बाई? अन् त्या तर मीच मोडायले सांगितल्या."

तिचा चेहरा असा उतरला! चहा तसाच ठेवून बसस्टँडवर गेली. मले काही समजलं नाही.

१७ फेब्रुवारी

रेवतीचा फोन. काल सांगायची हिंमत झाली नाही म्हणे.

कॉपीत प्रत्येक गाण्याच्या आधी सर स्वतः बोलायचे. रेडिओवाल्यासारखे. वर्गातली पोरं तोंड दाबून हसायची. "एकच फर्माइश असायची काकू, दर वेळी — सौ. प्रतिमाबाई, जळगाव जामोद."

माझ्याजवळ सरांचा आवाज कुठंच नाही.