घाटावरच्या बाईची साडी

बाबा, मागच्या रविवारी मुंबईच्या म्युझियममध्ये जाऊन आपली बाई बघून आले. तीच, घाटाच्या पायरीवर घागर टेकवून बसलेली. छापील नाही, खरीखुरी, चित्रकारानं स्वतः काढलेली. तुम्ही दर महिन्याला रंग आणायला त्याच मुंबईत जायचात, एकदा आत डोकवायला काय धाड भरली होती तुम्हाला? अंबरनाथच्या आपल्या खोलीत, आईच्या स्टोव्हवर टांगलेलं एक कॅलेंडर बघून जन्मभर तिच्या नकला करत बसलात. उल्हासनगरचा फर्निचरवाला सेठ त्या सोफ्यांबरोबर खपवायचा. तिथल्या कितीतरी घरांत ती बाई अजून पिवळ्या साडीत बसली असेल.

तो दिवस आठवतो? मी नववीत आहे. तुमच्या हाताखाली तिची साडी रंगवते, आणि त्याइतकं मला दुसरं काही आवडत नाही. कॅलेंडर पुसायला खाली काढते, तर त्याची खालची पत्र्याची पट्टी निसटते. पट्टीखाली दडलेलं पदराचं टोक पांढरं स्वच्छ! "बाबा, साडी पांढरी आहे हो, स्टोव्हच्या धुरानं पिवळी झालीय," मी धावत येऊन सांगते. समोर सेठ बसलेला. तो मांडीवर थाप मारून हसतो, "क्या भाऊ, लडकी तो तुम्हारी भी उस्ताद निकली!" तुम्ही उठता आणि पिवळ्या रंगाचा ओला ब्रश माझ्या दोन्ही डोळ्यांवरून फिरवता. "फुटलेत तुझे डोळे, कार्टे. पुन्हा ब्रशला हात लावलास तर हात मोडून ठेवीन." टर्पेन्टाइननं डोळ्यांची आग आग झाली. आई पाणी मारत एकच म्हणत राहिली, "कशाला बोललीस गं सेठसमोर?"

त्यानंतर तुम्ही असेपर्यंत मी फक्त चौकटींवर कापड ठोकलं. तुम्ही गेलात तेव्हा मला रडू आलं नाही. तेरावं व्हायच्या आत ब्रश घेऊन बसले, सेठची ऑर्डर अर्धवट राहिली होती. त्यालाही आता बारा वर्षं झाली. अजून तीच बाई रंगवते, पिवळीच, त्यावरच पोट चालतं.

आणि रविवारी ती समोर. साडी पांढरी. पांढरी, बाबा! मी इतक्या मोठ्यानं हसले की रखवालदार धावत आला. "काय झालं, ताई?" म्हटलं, "काही नाही हो, माझा बाप मूर्ख होता." मला फार बरं वाटलं. तुम्ही जिवंत असतात ना, तर बखोट धरून तिथे उभं केलं असतं आणि चार लोकांदेखत विचारलं असतं, बोला आता, डोळे कोणाचे फुटलेत?

हे पत्र पाठवणार तरी कुठे, चुलीत घालीन. पण एक गोष्ट त्या रखवालदाराला कळली नाही, ती तुम्हाला सांगते. हसायच्या आधी, ती साडी पहिल्यांदा नजरेला पडली तेव्हा, माझ्या मनात आलं होतं, अरेरे, या चित्रकाराचा रंग चुकलाय.