विळी नसलेलं घर

७ जून
लिही गं दीपे. तोंड माझं, हात तुझा. काल माझ्या सुनेचं, म्हणजे तुझ्या आईचं, डाव्या हाताचं पहिलं बोट गेलं. शेडमध्ये, गोठलेली मासळी कापायच्या पात्यावर.
दीपा विचारते, “आईचं नाव नुसतं ‘सु.’ लिहू? जागा वाचेल.” म्हटलं, सुनंदा लिही. बोट तोडलंय तेवढं पुरे, नाव तोडू नको.
मासळी लाकडी ठोकळ्यानं ढकलायची असते. पण तसं केलं की काम मागे पडतं आणि सुपरवायझर पाठीशी येऊन उभा राहतो. म्हणून सगळ्याजणी हातानंच ढकलतात. मीही चौदा वर्षं ढकलली. दहाच्या दहा बोटं घेऊन घरी आले. त्यात शहाणपण काही नव्हतं.

९ जून
सुनंदा एका हातानं पोळ्या लाटते. मला लाटणं देत नाही. एक पोळी अशी लांबली, म्हटलं, ही अंबरपेठेत बसमध्ये बसली, आता नल्लकुंट्याला उतरणार. हसली बिचारी.
मग म्हणाली, “आई, बोट खाजतंय.”
“कुठलं?”
“नाहीये ते.”
यादम्मापण असंच... राहू दे. मीट वही.

१२ जून
सकाळी बाजारात कोथिंबीर निवडत होते. शेजारून हात आला. दोन बोटं नसलेला. माझ्या जुडीतली पिवळी पानं काढायला लागला. मान वर केली तर कुणी दुसरीच बाई, पाचही बोटांची.
शेडमधली यादम्मा अशीच माझ्या टबातली खराब कोळंबी गुपचूप उचलायची, मला बोलणी बसू नयेत म्हणून.
कोथिंबीर तिथेच टाकून आले. आज आमटी बिनकोथिंबिरीची. दीपानं नाक मुरडलं. कारण कुणी विचारलं नाही.

१३ जून
शेडचा माणूस कागद घेऊन आला. सुनंदाचा हात घरी विळीवर कापला, सासूनं समोर पाहिलं, असं त्यावर आहे. सासूनं खाली अंगठा द्यायचा. मग सुनंदाला परत घेतील, पॅकिंगच्या हलक्या कामाला. नाहीतर नाही.
म्हटलं, “बाबा, ह्या घरात विळीच नाही.”
“हर घर में रहती ना अम्मा.”
“तो ढूँढ ले.”
हसला. उठला मात्र नाही, बिस्किटं संपेपर्यंत. सोमवारी येतो म्हणाला.

१४ जून
आज सगळं लिही. मधे ‘ळ कसा काढायचा’ विचारू नको, मला कुठे येतो.
यादम्मा आणि मी एकाच टेबलाला, समोरासमोर. वीस-बावीस वर्षं झाली. त्याच पात्यावर तिची दोन बोटं गेली. मला ऑफिसात बोलावलं. दवाखान्याचा कागद आहे म्हणाले, अंगठा धरून टेकवला. काय लिहिलंय ते मी विचारलं नाही. विचारलं की अडाणीपणा उघडा पडतो. जसा काही तो झाकलेला होता!
पुढे तिच्या भावानं तक्रार केली. ऑफिसवाल्यांनी सगळ्यांसमोर माझ्या अंगठ्याचा कागद वाचला. यादम्माचा हात घरी कत्तिपीटेवर कापला, मी डोळ्यांनी पाहिलं, असं त्यात. कत्तिपीट म्हणजे आपली विळी.
ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “नुव्वा, अक्का?” तू, अक्का?
त्यानंतर शेडला आली नाही. मी दुसऱ्या दिवशी आमची विळी भंगारवाल्याला दिली.
दीपा म्हणते, “आजी, तुला माहीत नव्हतं ना पण.” हेच मी तिला इतकी वर्षं सांगतेय. ऐकत नाही यादम्मा.

१५ जून
दीपानं कालचं सगळं आईला वाचून दाखवलं. चहाडखोर. (हेही लिही.)
सुनंदा म्हणाली, “आई, द्या अंगठा. यादम्माला कुणी विचारलं नव्हतं. मी स्वतःहून सांगतेय. ह्या हाताला दुसरं कोण काम देणार?”
“उद्या पुढच्या बाईसाठी हाच कागद निघेल.”
“निघेल. आधी माझं बघा.”
 

१६ जून, सोमवार
शेडचा माणूस आलाय. बाहेर चहा पितोय. दीपाला कागद दोनदा वाचायला लावला. विळी अजून आहे त्यात.
शाईची डबी आत मागून घेतली. पहिला ठसा ह्या वहीत दिला, चौदा तारखेच्या खाली, यादम्माचं लिहिलंय तिथे. जन्मात पहिल्यांदा, वर काय लिहिलंय ते माहीत असून.
सुनंदा दारात उभी आहे. नसलेलं बोट खाजवते, हात हवेत फिरतो. तिच्या मागे अजून एक जण उभी आहे, तिला मी बघत नाही.
बाहेरून कप ठेवल्याचा आवाज आला.
अंगठ्यावर शाई ओली आहे. अजून एका ठशापुरती.